माझ्या पोटातली साक्ष

मी एक म्हातारी भक्षक पेशी आहे. सध्या काचपट्टीवर चिकटून पडले आहे, म्हणजे माझं आटोपलंच. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका रंगाऱ्याच्या हाडातल्या मज्जेत झाला. पुढे त्याच्या फुप्फुसाभोवतीच्या आवरणात मुक्कामाला आले. तिथे जेमतेम चमचाभर पाणी. काम असं काही नव्हतंच. मग तो शिडीवरून पडला, बरगडी मोडली आणि तिथे रक्त साचलं. बापरे, किती त्या तांबड्या पेशी! एकेक गिळायची, पचवायची, तिच्यातलं लोह पोटात ठेवायचं. आम्ही हजारोजणी राबत होतो. रक्त थांबलं, तरी पाणी वाढतच होतं आणि फुप्फुस दबत होतं.

आठव्या दिवशी त्याला धाप लागली, तेव्हा बायकोने त्याला दवाखान्यात आणलं.

"कधी पडलात?" छातीवरचा मार पाहून सर्जनबाईंनी विचारलं.

"काल."

अगं बाई, धडधडीत खोटं! कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधल्याशिवाय शिडीवर चढणार नाही, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं. ते मोडून पडल्याचं आठ दिवस लपवलं, हे शेजारीच उभ्या असलेल्या तिच्यासमोर कसं कबूल करणार!

सुईने पाणी काढलं. लाल! त्यातून मीही बाहेर आले.

"एका दिवसात एवढं रक्त? म्हणजे आत अजून वाहतंय," सर्जनबाई म्हणाल्या. "छाती उघडावी लागेल. तयारी करा."

 तरी हा 'काल'च म्हणत राहिला! 

प्रयोगशाळेतल्या ताईंनी आम्हाला काचेवर पसरलं आणि लोह दिसावं म्हणून रंग घातला. माझं पोट निळंशार झालं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि फोन उचलला.

"मॅडम, थांबा! ताज्या तांबड्या पेशी अगदी थोड्या आहेत. या भक्षक पेशी लोहाने गच्च भरल्यात, एवढं साठायला दिवस लागतात. हे कालचं रक्त नाही, बरेच दिवस झालेत."

सर्जनबाई रंगाऱ्याकडे वळल्या. "आता खरं सांगा."

त्याने मान खाली घातली. "आठ दिवस झाले. पट्टा बांधला नव्हता. हिला काय तोंड दाखवणार, म्हणून..."

"अहो, छाती फाडून घ्यायला निघालात," बायको रडत कडाडली, "आणि मला एवढं सांगवलं नाही?"

सर्जनबाईंनी नाडी, रक्तदाब पुन्हा तपासला. सगळं ठीक होतं. मग छाती न उघडता साचलेलं पाणी काढायला नुसती नळी घातली. उरलेली साफसफाई माझ्या बहिणी आत करताहेत. मला मात्र आता परत जाता यायचं नाही.

मित्रांनो, पडलात, लागलं, तर लपवू नका. रागावणारं माणूस घरात असलं, तरी त्यालाच आधी सांगा. मला बोलता येत नव्हतं. त्याला तर येत होतं ना!