बाराच्या बारा

शाळेतली मुलं मला पाठीमागे 'मागणीबाई' म्हणतात. म्हणू देत. दहावीनंतर कुठे जायचं हे मी त्यांना सांगते, आणि पुढची तीस वर्षं कशाला मागणी असेल ते पाहूनच सांगते. "नर्सिंगला घाला," मी आईबापांना म्हणते, "म्हातारी माणसं काही संपत नाहीत." ते हसतात आणि मुलाकडे न बघताच मान डोलावतात.

त्याआधी साठ प्रश्नांची चाचणी असते. हो किंवा नाही, एवढंच. प्रत्येक कामाचा एक पुठ्ठा आहे, बारा भोकं पाडलेला. तो उत्तरांच्या कागदावर ठेवायचा आणि किती भोकांतून खूण दिसते ते मोजायचं. आठ-नऊ दिसल्या की मूल त्या कामाचं.

काल माझ्या लेकीचा नंबर होता. तिला सुतारकाम शिकायचं होतं आणि त्यावरून महिनाभर घरात आमची रोज खडाजंगी चालली होती. "लाकूडकामाला कोण विचारतंय आता? सगळं कारखान्यातून तयार येतं," माझं पालुपद. शेवटी तीच म्हणाली, "माझी चाचणी घे. जे येईल ते मी करीन." मी मनातून खूश झाले.

माझी खोली म्हणजे जिन्याखालची अडगळीची जागा. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. दाराबाहेर पुढचे पालक ताटकळत होते. लेकीने पाच मिनिटांत कागद पुढे केला. मी नर्सिंगचा पुठ्ठा त्यावर ठेवला. बाराच्या बारा.

चौदा वर्षांत कुणाला बारा मिळालेले नाहीत.

पुठ्ठा बाजूला करून मी उत्तरं वाचली. 'आजारी माणसाजवळ बसायला आवडतं.' हो. माझी आई तीन महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. औषधांच्या वासानेच तिला घेरी यायची. आजीला पलंगावरून उतरता येत नाही म्हणून तिने दारातूनच अंदाज घेतला आणि एक बुटकं स्टूल करून दिलं. आई गेल्यावर ते मी इथे टेबलाखाली आणलं. 'हत्यारं हाताळायला आवडतात.' नाही.

सुतारकामाचा पुठ्ठा ठेवून पाहिला. एकाही भोकात खूण नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुने पुठ्ठे फाटले तेव्हा नवे तिनेच कापून दिले होते. एकेक भोक कसं गोल गरगरीत, कड कुठे कुरतडलेली नाही. कुठलं भोक कुठे आहे, हे माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ होतं.

"तू..." म्हणाले आणि थांबले. हा पुठ्ठा फसतो म्हणावं, तर याच पुठ्ठ्यांवर मी पाठवलेली पाचशे पोरं? त्यांतल्या किती जणांनी आईबापांच्या तोंडाकडे बघून 'हो' लिहिलं असेल? आणि फसत नाही म्हणावं, तर हिला जन्मभर त्या वासात ढकलायची. मी उठून खिडकी उघडली. समोर भिंत.

"आई, बरोबर आलं ना?" तिने विचारलं. राग नाही, रुसवा नाही. आता घरातली भांडणं संपली, एवढाच आनंद होता तिच्या चेहऱ्यावर.

नर्सिंगच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि त्यावर पालकांची सही हवी होती. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

"बरोबर आलं," मी म्हणाले, खुर्चीत बसले आणि सही केली. माझे पाय तिने केलेल्या स्टुलावर होते. ते जराही डुगडुगत नव्हतं.