त्रेसष्ट ठिपके

आमच्या खोलीतल्या कॅलेंडरवर हारूनने त्रेसष्ट ठिपके मारले होते. मी मोजले होते. दुसऱ्याचं मोजायची मला खोडच आहे. कोण अंघोळीला किती वेळ लावतो, कोण किती दिवसांनी घरी फोन करतो, सगळं माझ्याकडे पक्कं.

हारून दापोलीकडचा, मी गुहागरचा. ओमानमधल्या सहम गावातल्या एका सुपरमार्केटच्या गोदामात दोघंही आठ वर्षं आहोत. इतक्या वर्षांत इंग्रजीवाचून काही अडलं नाही. मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी, सगळ्यांशी हिंदीच. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, रागावतो तोही हिंदीतच. पण नवीन मॅनेजरबाई आल्या फिलिपिन्सच्या. त्यांच्यापुढे हिंदी खलास. त्यात सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली तर हारूनला फॅमिली व्हिसा मिळणार होता. म्हणजे बायको कुबरा आणि तेरा वर्षांची मुलगी निदा इथे.

म्हणून पहाटे फजरची नमाज झाली की हारून गच्चीवर जायचा. तिथे एसीच्या घरघरीत उभा राहून पंधरा मिनिटं आदल्या दिवसाची हकिकत इंग्रजीत फोनवर रेकॉर्ड करायचा आणि निदाला पाठवायचा. शाळेला निघण्यापूर्वी ती चुका कळवायची. मग खाली येऊन एक ठिपका.

त्रेसष्टाव्या दिवशी दुपारी जेवताना मी त्याची नक्कल केली. चमचा माइकसारखा धरून, अगदी त्याच्या आवाजात: "माय डिअर डॉटर, यस्टरडे राइस बॅग फॉल डाऊन, आय ऑल्सो फॉल डाऊन!"

बारा जण हसले. मुनीरला तर ठसका लागला. "जनार्दनभाई, फिर से!" मी परत केली. हारूनही हसला. "बरं जमतं रे तुला," म्हणाला आणि ताट धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी ठिपका पडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"काय रे, मास्तरीणबाई रजेवर?"

"वेळ नाही मिळत."

वेळ होता. भिंतीकडे तोंड करून तो जागाच पडलेला असायचा. अशा अकरा सकाळी मी मोजल्या.

मुलाखतीच्या दिवशी हारून मॅनेजरबाईंकडे आत गेला आणि चार मिनिटांत बाहेर आला.

"काय विचारलं?"

"काल काय काम केलं ते सांगा, म्हणाल्या."

"मग? ते तर तुझं रोजचंच!"

"तोंड उघडलं," तो म्हणाला, "आणि तुम्ही सगळे जेवायला बसलेले दिसायला लागलात, जना."

जागा दुसऱ्याला गेली.

संध्याकाळी निदाचा मेसेज मला आला. अडीअडचणीसाठी तिच्याकडे माझा नंबर आहे. "काका, अब्बा म्हणतात मुलाखत रद्द झाली. खरं सांगा, माझं शिकवायला काही चुकलं का?"

उत्तर मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी फोन तसाच हारूनच्या हातात दिला. त्याने वाचलं, परत केला.

सकाळी तो गच्चीवर गेला. मी मागोमाग निघालो, पण जिन्यातच पाय अडले. वरून त्याचा आवाज येत होता, अडखळत, जुन्याच चुका करत. मुलाखत झाली, असं तो सांगत होता. आय वॉज अफ्रेड, म्हणत होता. माझं इंग्रजी यथातथाच, पण एवढं कळलं. आता माझं नाव येईल म्हणून मी कठडा धरून उभा होतो.

पंधरा मिनिटं झाली. माझं नाव आलं नाही.

खाली येऊन त्याने कॅलेंडरवर ठिपका मारला. मी चपला शोधत राहिलो, पायातच होत्या.