तिसऱ्या चरणाची चाल

मित्रांनो, अंबुजाबाईंचे तेरावे झाले आणि पुढच्या शनिवारी सकाळी त्यांच्या घरातून दोन फोन गेले. जेवायची वेळ होईपर्यंत सगळ्यांना कळून चुकले की एका गाण्याच्या तिसऱ्या चरणाची चाल त्यांच्याबरोबरच गेली. तेव्हा मी तिथेच चटईवर होते. मी त्या घरची श्रुतिपेटी. वय वर्षे पंचावन्न.

मला गाता येत नाही. माझा भाता कोणीतरी हलवायचा, मी सा आणि प धरून ठेवायचे, आणि त्या आधाराने दुसऱ्याने गायचे, एवढेच माझे काम. तंजावुरात गाणे शिकणारे प्रत्येक मूल आधी माझ्यासारखीच्या शेजारी बसून सा लावते.

त्या शनिवारी पापनाशमहून कृष्णवेणी आली होती. ती बँकेत नोकरी करते, चाळिशी ओलांडलेली आहे, आणि सात वर्षे दर शनिवारी अंबुजाबाईंकडे गाणे शिकायला येत होती. सगळ्या शिष्यांप्रमाणे ती त्यांना मामी म्हणे. ती आपल्या नेहमीच्या जागी बसली. मग तिने राजगोपालरावांना, म्हणजे अंबुजाबाईंच्या यजमानांना विचारले, "मामा, पाठवणीच्या गाण्याचं तिसरं चरण मामींनी कुठे लिहून ठेवलंय का? पुढच्या महिन्यात माझ्या भारतीचं लग्न. पाठवणीला ते मीच म्हणणार, असं मामींना सांगितलं होतं मी."

हे मराठी गाणे अंबुजाबाईंच्या आजीकडून आलेले; तंजावुरात पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी अशी घरे आहेत. मुलगी सासरी निघाली की आईने म्हणायचे. पहिल्या दोन चरणांची, म्हणजे कडव्यांची, चाल एक आहे, तिसऱ्याची वेगळी आणि फार उंच. कागदावर ते कधीच नव्हते.

राजगोपालरावांनी बेंगळुरूला लेकीला फोन लावला. लक्ष्मीप्रिया म्हणाली, "अप्पा, मला दोनच येतात. तिसरं आई माझ्या लग्नात म्हणाली तेव्हा मी रडत होते. ऐकतेय कुठे!"

मग कुंभकोणमला मेहुणीला, श्रीलक्ष्मीला. ती म्हणाली, "भावजी, लहानपणी मी भाता हलवायची, गायची ती. हात दुखायचा एवढंच आठवतं."

राजगोपालरावांनी फोन खाली ठेवला आणि हात माझ्या भात्यावर ठेवला. भाता मात्र हलवला नाही.

आता माझे थोडे सांगते. वीणा करणाऱ्या एका कारागिराकडे फणसाचा ओंडका आला होता. वीणा झाली आणि जो तुकडा उरला, त्याची मी. आत हवेने वाजणाऱ्या पितळेच्या पट्ट्या, मागे कातड्याचा भाता, पुढे तेरा भोके आणि प्रत्येक भोकावर फिरते झाकण. हव्या त्या सुराचे झाकण उघडायचे. सुराच्या उंचीला इथे कट्टै म्हणतात. अंबुजाबाईंचा सा पाच कट्टैचा होता. बायकांत तो चांगला चढा समजतात, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एखादी मुलगी म्हणाली, "मामी, आज थोडं खाली गाऊ?" तर त्या म्हणत, "कावेरी खाली आली म्हणून तू खाली येणार का? बस, पाचच."

लग्न होऊन त्या आल्या तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेत होते. सासरी भाता हलवणारे कोणी नव्हते. राजगोपालराव विजेच्या कार्यालयात कारकून. गाण्याचे त्यांना काही कळत नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी मला असे हिसके दिले की अंबुजाबाई गाणे सोडून हसू लागल्या. "अहो, बैल हाकताय का? श्वास घेता ना तुम्ही? तसं हलवा."

सहा महिन्यांनी त्यांना जमले. मग पस्तीस वर्षे कार्यालयात जाण्यापूर्वी एक तास आणि आल्यावर दीड तास, तोच हात. शेजारचे वरुणराव कट्ट्यावरून ओरडत, "बघा हो, वीजखात्याचा माणूस घरी हातानं यंत्र चालवतो!" राजगोपालराव म्हणत, "म्हणूनच चालवतो. खातं मला ठाऊक आहे."

साठी उलटल्यावर अंबुजाबाईंचा गळा उतरू लागला. एका सकाळी वरचा सा लावताना त्यांच्या मानेची शीर ताठली. राजगोपालरावांनी ती पाहिली. गाणे थांबल्यावर त्यांनी काही न बोलता माझी दोन झाकणे बंद केली आणि शेजारची, खालच्या सुरांची दोन उघडली. अंबुजाबाईंनी सा लावला आणि त्यांच्याकडे पाहिले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या मानेनं."

"पोरींना कळलं तर?"

"पेटी बोलते का?"

मी बोलले नाही. पाचाचे साडेचार झाले, दोन वर्षांनी चार झाले. वर्ग भरण्याआधीच झाकणे तशी फिरवून ठेवलेली असत.

मग शिष्यांनी मिळून त्यांना विजेवर चालणारी श्रुती आणून दिली. बटण दाबले की आवाज, वर तांबड्या आकड्यात कट्टै. अंबुजाबाईंनी ती डोळ्यांना लावली आणि कपाटात ठेवली. "माझी जुनीच बरी," म्हणाल्या. मित्रांनो, मी किती फुगले म्हणून सांगू! सगळ्यांना वाटले, मामींची माझ्यावर माया. मलाही तसेच वाटले. पुढे त्या नवऱ्याशी बोलताना ऐकले तेव्हा कळले. नव्या पेटीवर आकडा दिसतो, माझ्यावर दिसत नाही, एवढेच कारण होते.

कृष्णवेणीला पाठवणीच्या गाण्याची दोन चरणे त्यांनी दोन महिन्यांत शिकवली. तिसऱ्याशी मात्र अडले. ते वरच्या सा च्याही पुढे जाते. चार कट्टैवरसुद्धा त्यांचा आवाज तिथे फाटत होता. कृष्णवेणीने फोन पुढे केला, "मामी, एकदा म्हणा, मी रेकॉर्ड करून ठेवते." त्या म्हणाल्या, "फाटका आवाज काय ठेवायचाय? गळा बरा होऊ दे. पुढच्या शनिवारी."

असे अकरा शनिवार गेले. एकदा कृष्णवेणी घरी गेल्यावर राजगोपालरावांनी विचारले, "तेवढ्या चरणापुरता सूर आणखी दोन घरं खाली घेऊ का?"

"नको. तेवढं खाली गेलं की कुणालाही कळेल."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. नंतर एका सोमवारी अंबुजाबाईंच्या छातीत दुखले आणि गुरुवारी त्या गेल्या.

फोन झाले त्या शनिवारी राजगोपालरावांनी हे सगळे कृष्णवेणीला सांगून टाकले. झाकणे, पाचाचे चार, ती ताठलेली शीर. शेवटी म्हणाले, "दोन झाकणं, कृष्णवेणी. मी न विचारता फिरवली असती तर ती गायली असती. पहिल्या वेळी मी विचारलं होतं का? या वेळी कशाला विचारलं?"

कृष्णवेणी खाली बघत होती. "मामा, आम्हाला माहीत होतं."

"काय?"

"खाली आणलंय ते. सगळ्यांना माहीत होतं. घरी माझं श्रुतीचं मशीन आहे ना. इथून जाऊन रियाजाला बसले की पाच जुळेना, साडेचार जुळायचं. मग चार. आम्ही आपसांत ठरवलं होतं, मामींना कळू द्यायचं नाही म्हणून."

राजगोपालराव हसले. माझ्या भात्याच्या वरच्या फळीवर पाणी पडले, म्हणून मला कळले की ते नुसते हसत नव्हते. "अय्यो," ते म्हणाले, "मग लपवत कोण होतं, आणि कुणापासून?"

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि तिसऱ्या चरणाचे शब्द सांगितले. शब्द त्यांना येत होते. चाळीस वर्षे ऐकलेले कसे विसरतील?

पावलीस की निरोप धाडी,
तोवरी मी न जेवी.

पावलीस म्हणजे पोहोचलीस. पहिली ओळ त्यांनी नीट सांगितली. दुसरीला त्यांना पाणी प्यावे लागले. कृष्णवेणीने शब्द तमिळ अक्षरांत लिहून घेतले. ती घरी मराठी बोलते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. मग ती म्हणाली, "मामा, भाता धरा. मी चाल लावून बघते. चुकले तर सांगा."

"मला गाण्यातलं काय कळतं?"

"कसं नव्हतं, ते तरी कळेल ना?"

तेव्हापासून दर शनिवारी हेच चालले आहे. भारतीचे लग्न झाले. पाठवणीला तिच्या आईने दोनच चरणे म्हटली. तरी आई अजून येते. ती एक चाल लावते, राजगोपालराव मान हलवतात, "नाही, असं नव्हतं." ती दुसरी लावते. "अंहं. हे सिनेमातलं वाटतं." एकदा ती चिडून म्हणाली, "मामा, तुम्हीच गा बघू!" त्यांनी खरेच तोंड उघडले. वरुणराव कट्ट्यावरून म्हणाले, "राजगोपाल, वीज गेली का रे?" तिघेही हसले.

मला ती चाल माहीत आहे. माझ्याच सुरावर ती शंभर वेळा गायली गेली. पण माझ्यापाशी सा आहे आणि प आहे, त्यांच्या मधली वाट माझ्यापाशी नाही.

मित्रांनो, माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही अशी माझी तक्रार नाही. राजगोपालराव रोज मला पुसतात, भात्याला नवे कातडे लावले आहे. मला सांगायचे ते वेगळेच. तुमच्या घरी कोणाला काही येत असेल आणि त्यांचा आवाज आता फाटत असेल, तर फाटक्या आवाजात मागून घ्या. खालच्या सुरांची झाकणे उघडा आणि तसे उघड सांगा. खाली गायले म्हणून गाणे लहान होत नाही.

मागच्या शनिवारी कृष्णवेणीने 'पावलीस की' वरून सरळ न जाता 'की' वर थोडे थांबून सूर खाली वळवला. राजगोपालरावांचा हात थांबला. माझा सूर मध्येच तुटला.

"हे," ते म्हणाले. "हे होय. इथं ती श्वास घ्यायची."

तिने ते सात वेळा म्हटले आणि रेकॉर्ड करून ठेवले. अर्धी ओळ लागली आहे. दीड ओळ अजून लागायची आहे.