आकड्याआधीची खूण

बाई शेवटच्या आल्या तो गुरुवार अगदी साधा होता. त्यांनी भूगोलाची नऊ पानं छापली, माझ्यात अडकलेला कागदाचा कपटा चिमट्याने काढला, माझ्यावर कापड टाकलं आणि दिवा बंद करून घरी गेल्या.

मित्रांनो, मी अंध मुलांच्या शाळेतला एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. मला शाई लागत नाही. माझ्या सुया जाड कागदावर ठिपके उठवतात आणि मुलं ते बोटांनी वाचतात. नवा होतो तेव्हा पाहुणे मला बघायला यायचे. पुढे माझ्यासोबत आलेला प्रोग्राम जुना झाला, नव्या संगणकांवर चालेना, आणि दोन वर्षं मी कपाटाशेजारी धूळ खात पडलो. या बाई गणिताच्या; त्यांनीच मला बाहेर काढलं. पन्नाशीत त्या पायथन ही संगणकाची भाषा शिकल्या, माझ्यासाठी नवा प्रोग्राम लिहिला आणि त्याचा मूळ कोड इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. तो बसवायच्या सूचनाही सोबत लिहिल्या.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी बाईंचं हृदय थांबलं. पंधरा दिवसांत माझा प्रोग्राम असलेला त्यांचा संगणकही बंद पडला, आणि गणिताची परीक्षा येऊन ठेपली.

परीक्षेच्या सकाळी नऊ वाजता त्यांची लेक आपला लॅपटॉप घेऊन आली. प्रोग्राम लिहिणं हीच तिची नोकरी. पेपर अकराला होता. सात मुलं, प्रत्येकी तीन पानं, आणि मला एका पानाला एक मिनिट लागतं. छापून झालं नाही, तर कोणीतरी प्रश्न वाचून दाखवणार होतं. वर्षभर स्वतः वाचायला शिकलेल्या मुलांना पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे कान लावून बसावं लागणार होतं.

तिने कोड उतरवून घेतला. सूचनांवरून भरभर नजर फिरवली आणि प्रोग्रामला लागणारे भाग सगळ्यात नव्या आवृत्तीचे घेतले. दोनदा पडद्यावर लाल अक्षरं आली. तिसऱ्यांदा प्रोग्राम चालला. दहा वाजून पाच मिनिटांनी मी पहिलं पान दिलं. संगीताचे सर, स्वतः अंध, ते तपासायला बसले होते. त्यांनी पानावर बोटं फिरवली, परत फिरवली.

"ताई, यात एकही आकडा नाही. पाढ्यांच्या जागी बाराखडी आलीय. मुलं खूश होतील, बाई झाल्या नसत्या."

ब्रेलमध्ये आकड्याआधी एक खूण लागते. ती गळली की आकडा अक्षर म्हणून वाचला जातो.

ती कोडमध्ये चूक शोधत राहिली. दहा मिनिटं गेली. बाईंनी काही लिहून ठेवलं नव्हतं का, असं सरांनी हळूच विचारलं. मग तिने सूचना पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतल्या. सहावी पायरी तिने दोनदा वाचली. 'यादीतल्या जुन्याच आवृत्त्या घ्या. नव्या आवृत्तीत आकड्याची खूण गळते. मागच्या वर्षी घाईत मी हीच चूक केली आणि मुलांना पेपर पुन्हा द्यावा लागला.'

तिने बसवलेलं सगळं पुसलं आणि एकेक पायरी नव्याने केली. साडेदहाला मी पान बाहेर टाकलं. माझी एक सुई कधीकधी अडते, त्यामुळे मलाच धाकधूक होती. सरांचं बोट पहिल्या ओळीवर थांबलं.

"सत्तेचाळीस गुणिले सहा," त्यांनी वाचलं. "छापा."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणीही पुसेल. पण मागून येणाऱ्याचं अडू नये म्हणून कोणी स्वतःची चूकसुद्धा लिहून ठेवली असेल, तर ते सावकाश वाचा.

शेवटच्या पानांच्या वेळी सर मुलांना बसवायला वर्गाकडे गेले. माझा खडखडाट चालूच होता. लेक माझ्याशेजारी उभी होती.

"आई," ती म्हणाली, "ऑफिसात कोणी विचारलं की मी सांगायचे, आई शाळेत शिकवते. प्रोग्राम लिहिते असं कधीच सांगितलं नाही. तुझ्या हौशी प्रोग्रामची मला लाज वाटायची. तू माझ्यापेक्षा चांगलं लिहायचीस."