पेट्रोल पिणारी हडळ

"हडळ बसली गा इंजिनात! पेट्रोल पिऊन राहिली!" मांत्रिक धुनीबाबा बोंबलला आणि गल्लीतल्या दोनशे माणसांनी हात जोडले.

गाडी मधुकररावांची. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, जुनी जर्मन गाडी हौसेनं घेतलेली. आठवड्यात तिसऱ्यांदा ती विधवा रुखमाबाईच्या दारातच बंद पडली होती. मिस्त्र्यांनी पाइप काढून पाहिला, पेट्रोल ठिबकलं. झालं! पेट्रोल आहे, म्हणजे दोष भुताचा. बाबानं मंत्र म्हणायचा, ड्रायव्हर जागेश्वरनं किल्ली फिरवायची, की गाडी चालू. आणखी पुरावा कशाला हवा? म्हातारीला केस धरून ओढलं, ओल्या दोरानं झोडपलं. तिचा डावा हात मोडून लोंबत होता. आता तिला विहिरीत बुडवायचं फर्मान सुटलं.

तेवढ्यात मारोतराव कामठीच्या गॅरेजातून परतला. विणकराचा मुलगा, माग सुटला म्हणून मिस्त्री झालेला. याच बाईनं त्याला लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला शिकवलं होतं. त्याचं डोकंच फिरलं.

"काहून मारता गा तिले?" तो मध्ये घुसला. पाठीत काठी बसली, ओठ फुटला. रक्त थुंकून तो ओरडला, "मधुकरराव, दहा मिनिटं द्या! खोटा ठरलो तर मले बी विहिरीत टाका!"

मधुकररावांनी हात वर केला. काठ्या थांबल्या.

"बिड्या विझवा आधी!" मारोतरावनं फडकं धरून पाइप उघडला, मध्ये प्रेशर गेज जोडला. "कार्बोरेटरवाली गाडी ठिबकत्या पेट्रोलवर चालते. ही इंजेक्शनवाली, हिले तीस पौंडाचा जोर लागते. तो मागचा बिजलीचा पंप देते. काट्याकडे पाहा."

जागेश्वरनं किल्ली फिरवली. काटा शून्यावर.

"ह्रीं फट्! निघ सटवे!" बाबा गरजला. पुन्हा किल्ली. काटा तीसवर, इंजिन चालू. जयजयकार उसळला. ताकद दाखवायला बाबानं पंजा रोखला, काटा घसरला, इंजिन मेलं.

"वा! आता जागेश्वर, तू खाली उतर."

जागेश्वर उतरेना. मारोतरावनं त्याला कॉलर धरून बाहेर फेकला. सीटवर मधुकरराव बसले. बाबानं मंत्र म्हटला, पाचदा म्हटला, घसा बसेपर्यंत म्हटला. काटा तसूभर हलला नाही.

मारोतरावनं सीटखाली हात घातला. तिथं पंपाच्या वायरीवर एक चोरटं बटण होतं. त्यानं ते दाबलं, मधुकररावांनी किल्ली फिरवली. तीस पौंड! इंजिन गुरगुरलं.

जागेश्वर रुखमाबाईचा सख्खा पुतण्या. काकी हडळ ठरली, मेली, की तिच्या हिश्शाचं घर त्याचं होणार होतं; बाबा त्यात सामील होता.

लगेच तोच दोर बाबाच्या आणि जागेश्वरच्या पाठीवर सपासप पडू लागला. मारोतराव आडवा झाला. "खबरदार! पोलिसात द्या त्याईले. मारायले हात उठते तुमचे, सीटखाली पाहायले काहून नाही उठले?"

रुखमाबाईला दवाखान्यात न्यायला गाडीत झोपवलं. तिनं त्याची बाही धरली. "मारोती, बटन नसतं सापडलं, तर मी हडळ होतो का गा?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही वं काकी. तरी बिघाड गाडीतच असता. कारण नाही सापडलं तर आणखी शोधाव लागते. माणूस माराव लागत नाही."

त्यानं हे मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, आणि दोनशे माणसांनी ते खाली मान घालून ऐकलं.