धुराच्या डोंगराखालची वस्ती

श्रीनाथच्या आठवड्यात वार एकच होता, रविवार. बाकीचे दिवस त्याच्या तयारीला होते. कॉलेजात पोरांना राज्यशास्त्र शिकवून आला, की हा माणूस नकाशा पसरायचा, बोटाएवढे शिपाई रंगवायचा, नसलेल्या देशाची घटना लिहायचा. रविवारी दुपारी त्याचे तीन मित्र जमायचे. श्रीनाथ गोष्ट सांगायचा, ते तिघं गोष्टीतली माणसं होऊन बोलायचे, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचे. सगळे चाळिशीला टेकलेले बाप्ये. त्याची बायको सुकन्या, तिची नांदेडची आई याला भातुकली म्हणायची. सुकन्याला ते पटत नव्हतं. भातुकलीत पोरं निदान भांडी तरी घासतात.

त्या देशाचं नाव अराजपूर. तिथं राजा नव्हता, सावकार नव्हता, आणि सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय पानही हलायचं नाही. त्यामुळं ते हलत नव्हतंच. विमा कार्यालयातला रेणुकादास तिथं कोतवाल होता. कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणारा उदगीरचा अमरेश गवंडी होता. औषधांच्या एजन्सीवाला मिहिर झाला होता विणकर बाई, आणि चहात साखर कमी पडली की त्याच बाईच्या आवाजात मागायचा. श्रमाची प्रतिष्ठा, स्त्रियांचा निम्मा वाटा, असलं सगळं त्या टेबलावर एकमतानं मंजूर झालं होतं. कप मात्र टेबलावरच राहायचे.

हे टेबल होतं म्हणून तर हे घर होतं. लातुरात सहा माणसांचं टेबल मावेल असा हॉल या भाड्यात दुसरीकडं मिळाला नसता. मिळाला तो एमआयडीसीच्या मागं, डाळ मिलींच्या रांगेला चिकटून. नवी तूर आली, मिली चालू झाल्या, की खिडक्यांच्या फटींतून भुसा आत यायचा. पुसलेल्या ओट्यावर तासाभरात बोटानं नाव लिहावं, इतका.

आणि गोदाची छाती वाजायला लागायची. पोर चार वर्षांची. आधी कोरडा खोकला, मग श्वासात शिट्टी, मग धाप. डॉक्टरांनी पंप दिला होता, वाफ द्यायचं यंत्र दिलं होतं, आणि दरवेळी ते एकच गोष्ट सांगत होते : घर बदला. संक्रांतीत नांदेडला आजीकडं होती तोवर पोरीला पंप लागला नव्हता. लातूरला परतली आणि पुन्हा सुरू. सुकन्या एम.एस्सी. झालेली, तिला यात कोडं काही दिसत नव्हतं. तिनं औसा रोडला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मोकळी हवा, खाली निवृत्त मास्तर-मास्तरीण. हॉल म्हणजे आपला नावाला.

श्रीनाथ नाही म्हणायचा नाही. नाही म्हणणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो म्हणायचा, आपण दोघं बसून नीट चर्चा करू. चर्चा रविवारनंतर करायची ठरायची, आणि रविवारनंतर सोमवार यायचा.

सुकन्यानं त्याला आजवर एका गोष्टीवर माफ केलं होतं. त्याला दिसतच नाही, असं ती धरून चालली होती. पोर धापा टाकत असताना नकाशावर नदी काढणारा माणूस आंधळाच असणार. आंधळ्यावर किती चिडायचं?

त्या रविवारी ती चहा घेऊन हॉलच्या दाराशी आली आणि तिथंच थांबली. अराजपुरात धुराच्या डोंगराखाली एक वस्ती होती. ती हलवायची की नाही, यावर कितीतरी रविवार वाद चालला होता. रेणुकादास म्हणत होता, लोकांना जबरदस्तीनं उठवणं म्हणजे हुकूमशाहीच. तेव्हा श्रीनाथनं आवाज खाली आणला.

"तुम्ही झोपडीत वाकून बघता," तो सांगू लागला. "पोर झोपलंय, पण झोपेत काम केल्यासारखं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय. नाकपुड्या फुलतायत. आई पाठीला कान लावून बसलीय, आणि शिट्टी थांबली की तिला जास्तच भीती वाटतेय."

अमरेशनं डोळे पुसले.

सुकन्यानं ट्रे ठेवला. खड्डा गोदाचा होता. पाठीला लावलेला कान तिचा होता. शिट्टी थांबली की वाटणारी भीती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. ती त्यानं तिच्या तोंडावर वाचली होती. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं.

मित्र गेल्यावर तिनं विचारलं, "तो बरगड्यांखालचा खड्डा कुठं बघितलात?"

"आपल्या गोदाचाच की," तो खुशीत म्हणाला. "जमलं ना?"

तिनं टेबलावरचे कप उचलले. बोलून त्याला पुढच्या रविवारचा मजकूर कशाला पुरवायचा?

दुसऱ्या दिवशी ती औसा रोडला जाऊन किल्ली घेऊन आली. मग आठवडाभर सामान बांधत होती. आधी पांघरुणं, मग भांडी, मग गोदाची औषधं. हॉलमध्ये खोक्यांची चळत लागली. श्रीनाथच्या ती लक्षात आली, नाही असं नाही. यातलं एक खोकं धुराच्या डोंगरासाठी घेऊ का, म्हणून त्यानं विचारलं. घ्या, ती म्हणाली.

टेम्पो तिनं रविवारी दुपारीच बोलावला. घरात चार धडधाकट पुरुष दुसऱ्या कुठल्या वेळी सापडणार होते? खेळ रंगात आला असताना ती हॉलमध्ये गेली, म्हणाली, खाली गाडी उभी आहे, आधी कपाट घ्या.

"वहिनी, हे काय करून राहिलात?" रेणुकादास म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवायला पायजे ना."

"ठरलंय, भाऊजी. पायाकडून तुम्ही धरा."

त्यानं धरलं. त्या तिघांचं एक बरं होतं, कुणी स्पष्ट सांगितलं की ते ऐकायचे. फक्त जिन्याच्या वळणावर कपाट आडवं घ्यावं की उभं, यावर त्यांचं एकमत होईना, आणि कपाट बराच वेळ अधांतरी राहिलं. शेवटी सुकन्यानं खालून ओरडून सांगितलं, उभं.

श्रीनाथ टेबलावर हात ठेवून उभा होता. "हे तिथं मावणार नाही, सुकन्या."

"नाही मावणार."

"आपलं बोलणं व्हायचं होतं अजून."

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "आम्ही पुढं होतो. पत्ता फ्रिजवर लावलाय... फ्रिज नेलाय, पण रेणुकादास भाऊजींना आत्ताच सांगितलाय."

तिला वाटलं होतं, निदान जिना तरी उतरेल. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि घाईत आडवे झालेले शिपाई उभे करू लागला.

टेम्पोत ती गोदाला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली. मिलींच्या रांगेतून जाताना तिनं काच घट्ट लावून घेतली, पोरीच्या नाकावर ओढणी धरली आणि पाठीला कान लावला. शिट्टी होतीच. ती काही घर सोडल्याबरोबर जाणार नव्हती.

फोन वाजला. श्रीनाथ. क्षणभर तिला वाटलं, पोरीचं विचारेल.

तो वीस बाजूंचा फासा कुठल्या खोक्यात गेला का, त्यानं विचारलं. ते तिघं परत वर येऊन बसले होते, आणि वस्तीचं काय करायचं ते अडून राहिलं होतं.

"बघते," ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. मिली मागं पडल्या होत्या. तिनं गोदाच्या नाकावरची ओढणी काढली आणि काच पूर्ण खाली केली.