तोलखोलीतला दिवा

तोलखोलीतल्या त्या माणसाला सगळे फुंकर म्हणायचे, कारण काट्याजवळ तो श्वाससुद्धा सोडत नसे. तोंड मिटून, गाल फुगवून असा उभा राही, की बघणाऱ्याचाच जीव घुसमटावा. त्या खोलीत गावभरचे काटे तपासले जात, आणि ते ज्यांच्यावरून तपासायचे ती मूळ वजनं मखमलीच्या पेटीत असत. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचं. बाहेरून आलेलं वजन आधी निवू द्यायचं, मगच तोलायचं. कोमट वजन खोटं बोलतं, हे फुंकरला ताईंनीच शिकवलं होतं. ताई म्हणजे खोलीच्या प्रमुख. शिस्त अशी कडक, की माशीनंही पारड्यावर बसायचं तर आधी विचारावं!

आणि तोच फुंकर आता तळमजल्यावर पार्सलं चिकटवत होता.

झालं असं होतं, की वर्षाच्या तपासणीत पेटीतलं एक वजन केसभर कमी भरलं. साहेब म्हणाले, "पुन्हा तोला." ताईंनी पुन्हा तोललं, पुन्हा कमी. धातू काय आपोआप झिजतो? शेवटचं पुसलं कुणी, तर फुंकरनं. मग घासलं असणार जोरात, दुसरं काय! बरं, हा बाबा भांडलाही नाही. "घासलं गेलं असेल माझ्याच हातून," असं स्वतःच म्हणाला आणि खाली गेला. इतकंही गरीब असू नये माणसानं.

पण तोलताना दोन्ही वेळा टेबलावरचा दिवा ताईंनी वाकवून थेट काट्याभोवतीच्या काचपेटीला टेकवला होता. वजनावरचा बारीक ठिपका समोर आणून ते मधोमध ठेवायचं असतं, आणि ताईंना तो ठिपकाच दिसेनासा झाला होता. अधू डोळ्यांचं माणूस तोलखोलीत कोण ठेवेल? म्हणून कुणाला काही बोलायचं नाही, दिवा जवळ ओढायचा आणि वजन मधोमध बसलं तरी तो मागे सारायला विसरायचं. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. ताईंच्या मनात तो दिवा जळत होता.

त्यांनी स्वतःची समजूतही घालून पाहिली. उजेडाला कुठे वजन असतं? मग उजेडानं वजन कमी कसं होईल? काहीतरीच!

जिन्यात रोज भेटणारा फुंकर एकदा चहा घेऊन येताना दिसला. कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल धरतं तसा.

"थंडी वाजतेय का रे?" ताईंनी विचारलं.

"नाही हो ताई. हाताचा भरवसा राहिला नाही. इतकी वर्षं वाटायचं, आपला हात हलका. आता घरी काचेचं काही उचलत नाही मी." तो हसला आणि बाजूला सरकला. "तुम्ही जा पुढे."

ताईंना घास गोड लागेना. त्यांची भाची कॉलेजात विज्ञान शिकवायची, त्यांच्याकडेच राहायची. संध्याकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती.

"काय गं, प्रकाशाला वस्तुमान असतं का?" ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नसतं, मावशी."

ताईंचा जीव भांड्यात पडला. "बघ! मी म्हणतच होते."

"अगं थांब की. वस्तुमान नसतं, पण ऊर्जा असते. आणि ऊर्जा फुकट जात नाही. आरशाच्या डब्यात प्रकाश कोंडलास ना, तर डबा तेवढ्या ऊर्जेपुरता जड होईल. पण इतका थोडा, की तुमचा काटा काय, कुणाचाच काटा सांगणार नाही."

"जड होईल ना? हलका तर नाही?" ताई हट्टालाच पेटल्या.

"हलका कसा होईल? पण तू विचारतेयस कशाबद्दल?" भाचीनं इस्त्री उभी ठेवली. "एखाद्या वजनावर दिवा धरलास, तर त्या ऊर्जेची उष्णता होते. वजन तापतं, भोवतीची हवा तापून वर चढते आणि जाता जाता पारड्याला किंचित उचलते. काटा कमी दाखवतो. वजन आहे तेवढंच असतं गं, दिसतं कमी. तुम्ही निवू देता ते त्याचसाठी ना?"

ज्या गोष्टीचा धडा दुसऱ्याला दिला, तीच आपण मोडली, आणि शिक्षा कुणाला? लाजेनं त्यांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना बोलावलं, फुंकरलाही वर आणलं. दिवा बंद ठेवून वजन तोललं. अगदी बरोबर भरलं. मग दिवा लावून काचेला टेकवला आणि तिघं थांबले. आकडे हळूहळू घसरले, तेवढेच कमी.

"दिवा कशाला लावला होतात?" साहेबांनी विचारलं.

"दिसत नाही मला," ताई म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. लपवलं मी. याची काही चूक नाही."

साहेबांनी दिवा विझवला. फुंकर आपल्या हाताकडे बघत होता.

"म्हणजे माझा हात बरा होता?"

"बराच होता रे. पहिल्यापासून."

"बायकोला सांगितलं मी, माझ्या हातून झालं. पोरीलाही सांगितलं." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर ताईंना बरं वाटलं असतं. "आणि तुम्ही रोज जिन्यात भेटत होतात, ताई."

वजन निवल्यावर ताईंनी चिमटा त्याच्यापुढे धरला. "घे. तूच ठेव पेटीत."

त्यानं चिमटा घेतला. टोकं वजनापाशी नेली आणि तिथेच थांबवली. वजन निवलं होतं, हात निवला नव्हता. त्यानं चिमटा परत दिला.

"आज नको."

मग ताईंनीच वजन उचललं. पेटीतली खाच त्यांना धुरकट काळी दिसत होती. आता दिवा मागायचा कुठल्या तोंडानं? चिमटा मखमलीवर इकडेतिकडे चाचपडू लागला.

"डावीकडे," मागून फुंकर म्हणाला. "अजून थोडं. आता खाली सोडा."

वजन खाचेत बसलं. तेव्हा कुठे मागे त्यानं श्वास सोडलेला त्यांना ऐकू आला.